लंबोदराच्या सात प्रदक्षिणा

भाद्रपद लागला की आमच्या रांजणगावच्या वाटा माणसांनी फुलून जातात. शुद्ध प्रतिपदेपासून चतुर्थीपर्यंत श्रीमहागणपतीची द्वारयात्रा निघते. चार दिवसांत चार दिशांच्या गावी पालखी जाऊन येते आणि तिच्यामागे भाविक पायी चालतात. शिरूर तालुक्यातील बाजरी या सुमारास कणसात आलेली असते. बांधांवर गवत माजलेले असते. पायांखाली चिखल आणि मुखी मोरयाचा गजर. त्या मेळ्यात काठी टेकीत येणारे वृद्ध असतात, कडेवर लेकरू घेतलेल्या सुना असतात आणि दुकानाच्या गादीवरून वर्षातून एकदाच उठून आलेले व्यापारीही असतात. कोणी कोणास वय विचारीत नाही, वजन विचारीत नाही. चालणारा तो यात्रेकरू, एवढीच तेथील ओळख.

हे दृश्य पाहून मन प्रसन्न होते. परंतु वर्षाचे उरलेले दिवस आम्हांस दुसरेच दृश्य दिसते. दोन दिवसांत आठ गणपती उरकणाऱ्या गाड्या महाद्वाराशी थांबतात. मंडळी उतरतात, रांगेत उभी राहतात, दर्शन घेतात, प्रसादाचे पेढे बांधून घेतात आणि पुन्हा गाडीत बसतात. प्रदक्षिणा राहून जाते. दौंडकडून सिद्धटेकास जाणाऱ्यांचीही तीच गत. श्रीसिद्धिविनायकाचे ते स्थान भीमेपलीकडे, अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात. पूर्वी अलीकडच्या शिरापूरपर्यंत येऊन होडीने नदी ओलांडावी लागे. आता पूल झाला, आणि तो झाला हे उत्तमच झाले. पुराच्या दिवसांत जीव मुठीत धरून पैलतीर गाठणाऱ्यांनाच त्याची किंमत ठाऊक. परंतु पूल नदीवर झाला आहे, प्रदक्षिणेवर नव्हे. सिद्धटेकचे देऊळ टेकडीला लागून असल्यामुळे तेथे प्रदक्षिणा म्हणजे टेकडीलाच वळसा. तो वळसा आज किती जण घालतात?

न घालणाऱ्यांना आम्ही सहज विचारतो, तेव्हा उत्तरे ठरलेली असतात. ‘बुवा, आता वय झाले.’ ‘अंग हे असे सुटलेले, चार पावलांत दम लागतो.’ ‘गुडघे ऐकत नाहीत.’ ‘साखर आहे, डॉक्टरांची औषधे चालू आहेत.’ आणि एखादा बहुश्रुत गृहस्थ हसून आम्हांलाच पुराण ऐकवतो : ‘अहो, खुद्द गणपतीने तरी पृथ्वीप्रदक्षिणा कोठे केली? कार्तिकेय धावत सुटला आणि आमचा लंबोदर घरी बसून जिंकला!’

बसून नव्हे, उठून

वाचकहो, हे शेवटचे उत्तर आम्ही पुष्कळदा ऐकले आहे आणि दर वेळी आम्हांस त्याचे वाईट वाटले आहे. कारण कथा तशी नाही. शिवपुराणात रुद्रसंहितेच्या कुमारखंडात ती आली आहे. दोघां भावांपैकी प्रथम विवाह कोणाचा, हा प्रश्न होता. जो पृथ्वीप्रदक्षिणा करून आधी येईल त्याचा, असे मातापित्यांनी ठरविले. कार्तिकेय तत्काळ निघाला. गणेशाने विचार केला की, इतके अंतर आपल्या देहाला झेपणारे नाही. येथवर सर्वांस ठाऊक आहे. पुढे काय झाले ते मात्र आपण घाईने सांगून टाकतो. गणेशाने स्नान केले, शिवपार्वतींस आसनावर बसविले, त्यांची पूजा केली आणि त्यांना एक नव्हे, सात प्रदक्षिणा घातल्या. सात वेळा नमस्कार केला.

म्हणजे बसले होते ते मातापिता; गणेश चालत होता. त्याने देहाची मर्यादा ओळखली, परंतु मर्यादा हे कारण सांगून तो आसनावर टेकला नाही. भावाची प्रदक्षिणा भावाच्या देहाच्या मापाची होती. याने आपल्या देहाच्या मापाची प्रदक्षिणा शोधून काढली आणि ती सातदा पूर्ण केली. या कथेत बुद्धिचातुर्य आहेच; पण हालचाल टाळण्याची पळवाट तीत नाही.

आजच्या लेखात आम्हांस सांगावयाचे ते एवढेच. देह कसाही असो, वय कितीही असो, शक्ती किती का थोडी असो, चालणे सुटू नये. आधी वजन उतरू दे, आधी गुडघा बरा होऊ दे, मग चालू, असे म्हणणे उलटे आहे. आणि जो आपल्या मापाने चालू पाहतो त्याला इतरांनी हसून परत बसवू नये. या दुसऱ्या गोष्टीत आमचा स्वतःचा अपराध आहे, तो आधी सांगतो.

आमच्या तोंडची एक कोटी

कीर्तनाच्या पूर्वरंगात निरूपण जड होऊ लागले म्हणजे श्रोत्यांना थोडे हसवावे लागते. त्यासाठी आम्ही पुष्कळ वर्षे एका स्थूल शेटजींची गोष्ट सांगत असू. शेटजी देवळात आले की प्रदक्षिणा घालीत नसत. ते मध्ये उभे राहत आणि देवच त्यांना प्रदक्षिणा घालून जाई, अशी ती कोटी. मांडव हसून लोटपोट होई. पेटीवाले आमच्याकडे पाहून मान डोलावीत. आम्हांस आमच्या विनोदाचे कौतुक वाटे.

दहा-बारा वर्षांपूर्वी दौंड तालुक्यातील एका गावी गणेशोत्सवात आमची सेवा होती. कोटी झाली, हशा झाला, आख्यान रंगले, आरती झाली. मंडळी पाया पडून पांगली. एक ताई मागे राहिल्या. पन्नाशीच्या आतल्या, अंगाने बऱ्याच स्थूल. त्यांनी नमस्कार केला आणि खाली पाहत म्हणाल्या, ‘बुवा, राग मानू नका. तीन वर्षं झाली, मी रोज पहाटे अंधारात आमच्या देवळाला अकरा फेऱ्या घालते. उजाडल्यावर घालत नाही, माणसं हसतात. म्हटलं, कीर्तनात तरी कोणी हसणार नाही.’

एवढे बोलून त्या गेल्या. आम्ही न्याय, व्याकरण, काव्य यांचे अध्ययन केलेले; परंतु त्या वेळी आम्हांपाशी उत्तर नव्हते. ज्याचे एक नावच लंबोदर, त्याच्या मांडवात उभे राहून, त्याच्यापुढे मोदकांची रास मांडून आम्ही दुसऱ्या लंबोदराला हसलो होतो. देवाचे पोट दिसले की आपण हात जोडतो आणि शेजाऱ्याचे दिसले की तोंड दाबून हसतो, हा कोणता भक्तिभाव? त्या रात्रीपासून ती कोटी आमच्या कीर्तनातून गेली. पण इतक्या वर्षांत तिने किती जणांना पुन्हा घरी बसविले असेल, याचा हिशेब आता कोण देणार?

विसरलेले अर्धे वचन

धर्मसाधनांमध्ये शरीर हे पहिले, अशा अर्थाचे कालिदासाचे वचन व्यायामशाळांच्या भिंतींवर रंगविलेले असते आणि शाळकरी मुलांच्याही तोंडी असते. परंतु ते कुमारसंभवातील एका श्लोकाचा केवळ शेवटचा तुकडा आहे, हे थोड्यांच्या ध्यानात असते. पाचव्या सर्गात पार्वती उग्र तप करीत आहे. ब्रह्मचाऱ्याच्या वेषात शंकर तिच्या आश्रमी येतात आणि तिची विचारपूस करतात. समिधा आणि दर्भ सहज मिळतात ना, स्नानास योग्य पाणी आहे ना, आणि तू तप करतेस ते आपल्या शक्तीच्या बेताने करतेस ना, असे ते विचारतात. या तिसऱ्या प्रश्नाला जोडून शरीराचे ते प्रसिद्ध वचन येते.

पाहा, कवीने शरीराची थोरवी सांगितली ती ‘स्वशक्ती’ या शब्दाच्या पाठीला पाठ लावून. आपण पुढचा शब्द गाळला आणि भिंतीवर पिळदार दंडांचे चित्र काढले. ते चित्र पाहून ज्याचे दंड पिळदार नाहीत तो दारातूनच परत फिरला. वास्तविक तो प्रश्न गणेशाच्या मातेला विचारला गेला होता आणि तिच्या पुत्राने सात प्रदक्षिणांत त्याचे उत्तर दिले, असे आम्ही कीर्तनात आता सांगतो. आपल्या पूजेच्या संकल्पातही ‘यथाशक्ति’ हा शब्द असतोच. यथाशक्ति म्हणजे शक्ती नसेल तर नको, असे नव्हे. जेवढी आहे तेवढी तरी खर्च कर, असे आहे.

वैद्यशास्त्र काय सांगते

येथे एखादा जाणता वाचक शंका काढील. वाग्भटाने अष्टांगहृदयात वातपित्ताचे रोगी, बालक, वृद्ध आणि अजीर्ण झालेला यांनी व्यायाम वर्ज्य करावा, असे म्हटले आहे. मग वृद्धांना चालावयास सांगणारे तुम्ही कोण? शंका रास्त आहे. पण त्या ग्रंथांत व्यायाम हा शब्द प्रामुख्याने अंगाला आयास देणाऱ्या, घाम काढणाऱ्या श्रमासाठी येतो. सुश्रुताने चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात त्या व्यायामाला दोन मर्यादा घातल्या. वय, बळ, शरीर, देश, काळ आणि आहार हे सहा पाहूनच तो करावा, ही एक. आणि तो आपल्या बळाच्या निम्म्यानेच करावा, ही दुसरी. निम्मे बळ संपल्याची खूण कोणती, तर श्वास मुखावाटे येऊ लागणे. त्याच अध्यायात फिरण्याचा, म्हणजे चंक्रमणाचा, वेगळा विचार आहे. देहाला फार पीडा न देणारे चालणे आयुष्य, बळ, मेधा आणि जठराग्नी वाढविते व इंद्रियांना जाग आणते, असे सुश्रुत म्हणतो. तेथे वृद्धाला मनाई नाही, स्थूलाला नाही आणि कृशालाही नाही.

मधुमेहाच्या संदर्भात तर हे प्राचीन ग्रंथ फार स्पष्ट बोलतात. चरकाने प्रमेहाच्या कारणांत पहिले नाव घेतले ते ‘आस्यासुखा’चे, म्हणजे बसून राहण्याच्या सुखाचे. सुश्रुताने निर्धन प्रमेही रोग्याला सांगितलेला उपाय वाचताना आम्हांस दर वेळी आषाढातील वारी आठवते. भिक्षेवर निर्वाह करावा, एका गावी एकच रात्र राहावे, मुनीप्रमाणे मन आवरावे आणि शंभर योजने किंवा त्याहूनही अधिक चालावे! त्याने पादत्राण आणि छत्रीही वर्ज्य सांगितली आहे. पण येथे आजच्या ज्ञानाचे ऐकावे. मधुमेहाने पायांची संवेदना मंदावते, खडा रुतला तरी कळत नाही आणि लहानशी जखम पुढे पायावर बेतते. म्हणून अशा भाविकांनी अनवाणी चालण्याचा हट्ट धरू नये. देवळात शक्य तेथे जाड पायमोजे घालावेत आणि घरी आल्यावर तळवे न्याहाळून पाहावेत. पाय शाबूत राहिले तरच पुढच्या वर्षी प्रदक्षिणा घडेल.

आधुनिक वैद्यक यापुढेही गेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. म्हणजे दिवसाला साधारण वीस-बावीस मिनिटांपासून प्रारंभ. पासष्टीपुढील मंडळींनी आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे आणि बळ वाढविण्याचेही व्यायाम करावेत. जुनाट आजार असलेले आणि अपंगत्व आलेले यांनाही त्यातून वगळलेले नाही. आणि ज्यांना एवढे जमत नाही त्यांच्यासाठी सांगितले आहे की, काहीच न करण्यापेक्षा थोडेही बरे. हेच ते ‘यथाशक्ति’.

वृद्धांविषयी एक उदाहरण देतो. १९९० साली अमेरिकेतील बोस्टन येथील संशोधकांनी वृद्धांच्या निवासगृहातील दहा अशक्त मंडळींना आठ आठवडे मांड्यांच्या स्नायूंचा व्यायाम दिला. त्यांचे सरासरी वय ९० होते. नऊ जणांनी तो पुरा केला आणि त्यांच्या स्नायूंची शक्ती सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांची काठी सुटली. हे तज्ज्ञांच्या देखरेखीखाली झाले, हे विसरून चालणार नाही. परंतु नव्वदाव्या वर्षीही स्नायू हाकेला ओ देतो, एवढे त्यातून निश्चित झाले. स्थूल मंडळींनीही ध्यानात ठेवावे की, चालण्याचा लाभ काट्यावरचा आकडा उतरण्याची वाट पाहत नाही. चालताना स्नायू रक्तातील साखर वापरतात, रक्तदाबाला उतार पडतो, झोप सुधारते. वजन तेवढेच राहिले तरीही हे घडते. जेवणानंतरची शतपावली ही आपल्या आजीने सांगितलेली गोष्ट याच कारणाने खरी ठरली आहे.

आपल्या मातीतील दाखले

हे सारे ग्रंथांत आहे, तसे आपल्या तालुक्यांतील मातीवरही लिहिलेले आहे. श्रीतुकोबारायांची पालखी त्यांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली सुरू केली, असे परंपरा सांगते. देहूहून निघालेली ती पालखी लोणी काळभोर सोडून दौंड तालुक्यात येते. यवतला ग्रामस्थांच्या पिठलंभाकरीने तृप्त होते, वरवंडला मुक्काम करते, पाटसवरून पुढे रोटीचा घाट चढते आणि उंडवडीकडे जाते. त्या घाटात रथाला जादा बैलजोड्या लावाव्या लागतात. परंतु सत्तरी ओलांडलेल्या माउल्या डोईवर तुळस घेऊन तो घाट चढतात, हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे.

हे कसे साधते? त्यात चमत्कार नाही, योजना आहे. दिंडी एकट्याच्या गतीने चालत नाही, समूहाच्या गतीने चालते. ठराविक अंतरावर विसावा असतो. ओझे गाडीत असते. पावलाला टाळाचा ठेका आणि श्वासाला नाम असते. बरोबरीचा माणूस पुढे चालत असतो म्हणून आपलेही पाऊल उचलते. मुख्य म्हणजे त्या माउल्या वर्षभर शेतात राबलेल्या असतात. अकरा महिने खुर्चीत बसून आषाढात एकदम वीस किलोमीटर चालू पाहणाऱ्याचे पाय दुसऱ्याच मुक्कामी सुजतात, त्याला देव काय करणार? वारीची तयारी ज्येष्ठात नव्हे, मागच्या आषाढातच सुरू व्हावयास हवी.

सिद्धटेकची कथा पुष्कळांस ठाऊक असेल. पेशव्यांचे सरदार हरिपंत फडके यांचे पद गेले, तेव्हा त्यांनी सिद्धिविनायकाला एकवीस दिवस एकवीस प्रदक्षिणा घातल्या आणि एकविसाव्या दिवशी पद परत मिळाल्याचा निरोप आला, असे तेथे सांगतात. पद मिळाले हे देवाचे देणे. आमचे लक्ष मात्र त्या एकवीस दिवसांकडे जाते. मानहानी झालेला माणूस खोलीत कोंडून घेऊन बसला नाही. रोज उठला आणि चालला. ज्यांचे मन खचले आहे त्यांना आम्ही हीच कथा सांगतो.

गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप देण्यात १८९३-९४ पासून ज्यांनी पुढाकार घेतला ते लोकमान्य टिळक तरुणपणी प्रकृतीने अशक्त होते. डेक्कन कॉलेजातील पहिले वर्ष त्यांनी पुस्तकांपेक्षा शरीर कमावण्यात घालविले. आणि ज्यांना पायांचा आधारच उरला नाही त्यांनी काय करावे, असे कोणी विचारील, तर सांगली जिल्ह्यातील पेठ गावचे मुरलीकांत पेटकर यांचे नाव घ्यावे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून या जवानाचे कमरेखालचे शरीर लुळे पडले. उपचार म्हणून ते पाण्यात उतरले, आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंगांच्या जागतिक क्रीडास्पर्धांत पोहण्याचे सुवर्णपदक त्यांनी जिंकले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. प्रत्येकाला पदक मिळणार नाही. परंतु पाय गेले तरी हात उरतात, हे त्यांनी दाखविले.

काठी आणि अंधार

आता थोडे आमच्याविषयी. नारदीय कीर्तनकाराने दोन-दोन तास उभे राहावे लागते. पाच वर्षांपूर्वी आमचा उजवा गुडघा सुजला आणि आम्ही खाटेवर पडलो. चार दिवस म्हणता म्हणता तीन महिने गेले. आमंत्रणे परत केली. जेवणाचे ताट खाटेवर येऊ लागले. डॉक्टरांकडे गेलो तेव्हा ते म्हणाले, ‘बुवा, सूज उतरून पुष्कळ दिवस झाले. आता गुडघा दुखतो तो मांडीत बळ राहिले नाही म्हणून. बसाल तेवढा जास्त दुखेल.’

त्यांनी सांगितले ते हास्यास्पद वाटावे इतके साधे होते. खुर्चीवरून हात न टेकता उठावे आणि बसावे, पाच वेळा. दारातून शेजारच्या ओट्यापर्यंत जावे आणि यावे. पहिल्या दिवशी ओटा गाठताना आमच्या कपाळी घाम आला. नातू बरोबर होता. तो पावले मोजी. आठवड्यास दहा-वीस पावले वाढवीत चार महिन्यांनी आम्ही महाद्वारापर्यंत पोहोचलो. त्या दिवशी गाभाऱ्यापुढे उभे राहिलो तेव्हा डोळे भरून आले, हे सांगण्यास संकोच वाटत नाही. पावसाळ्यात गुडघा आजही दुखतो. पण आता आम्ही पुन्हा उभ्याने कीर्तन करतो. मध्ये दहा मिनिटे बसतो आणि श्रोते रागावत नाहीत.

परंतु सांगावयाचे ते वेगळेच आहे. त्या दिवसांत आम्ही काठी घेऊन चालत असू, आणि चालण्यासाठी आम्ही कोणती वेळ निवडली होती? पहाटेची, अंधारातली. बुवा लंगडतात हे गावाने पाहू नये म्हणून! एके दिवशी उजाडण्यापूर्वी घरी परतताना दौंड तालुक्यातील त्या ताई आम्हांस आठवल्या आणि पाय जागच्या जागी थांबला. तीन वर्षे त्या अंधारात का चालत होत्या, ते आम्हांस त्या दिवशी कळले. अंधार गुडघ्यामुळे नव्हता, स्थूलपणामुळेही नव्हता. तो लोकांच्या डोळ्यांमुळे होता. दुसऱ्या दिवसापासून आम्ही सकाळी आठ वाजता, बाजार उघडताना चालू लागलो.

घरी, मांडवात, देवळात

तात्पर्य, हा प्रश्न एकट्यादुकट्याच्या इच्छाशक्तीचा नाही. आजूबाजूच्यांनी वाट करून दिली तर माणूस चालतो. म्हणून काही गोष्टी नम्रपणे सुचवितो.

देवस्थानांच्या विश्वस्तांनी प्रदक्षिणेची वाट सपाट राखावी. कडेला हात धरण्यास कठडा असावा, थोड्या थोड्या अंतरावर बाक असावा, उन्हाळ्यात तापणाऱ्या दगडांवर काथ्याची पट्टी असावी. वाटेत बसावयास जागा आहे हे ठाऊक असले की वृद्ध मनुष्य उठण्याचे धाडस करतो.

मंडळांच्या तरुणांनी या दहा दिवसांत रोज सकाळी एक ग्रामप्रदक्षिणा काढावी. तिचा नियम एकच ठेवावा : जो सर्वांत हळू चालतो त्याने सर्वांत पुढे चालावे. मग कोणी मागे पडणार नाही आणि कोणाला कोणी हसणार नाही. वेगाची परीक्षाही सोपी आहे. चालताना नाम घेता यावे, परंतु लांब तान मारता येऊ नये, इतकाच श्वास वाढावा. सुश्रुताचे अर्धे बळ आणि आजच्या डॉक्टरांचा मध्यम श्रम हे दोन्ही त्यात साधतात. छातीत आवळल्यासारखे झाले, चक्कर आली किंवा दम खाली बसेना, तर तेथेच थांबावे आणि वैद्यकीय सल्ला घ्यावा. हृदयविकार असलेल्यांनी प्रारंभापूर्वीच तो घ्यावा.

घरी मोदकांचे जेवण झाल्यावर सर्वांनी मिळून शतपावली करावी. आणि सर्वांनी म्हणजे घरातील सुनेनेसुद्धा. ती भांडी घासत राहिली आणि बाकीचे फिरावयास गेले, तर ती शतपावली अपुरी. पुरुषांनी भांड्यांना हात लावला तर तोही व्यायामच आहे. जे अंथरुणास खिळले आहेत त्यांना आरतीच्या वेळी उशाला टेकून बसवावे, टाळ्या वाजवू द्याव्यात, पायांची बोटे हलवावयास सांगावीत. त्यांची प्रदक्षिणा तेवढी आहे, आणि देवाच्या वहीत ती पूर्ण भरेल.

एक पथ्य मात्र उपदेश करणाऱ्यांनी पाळावे. भीमेच्या काठी थंडीत पहाटे कोयता घेऊन उसात उतरणाऱ्यांना, डोक्यावरून हंडे वाहणाऱ्या बायांना, कारखान्यात आठ तास उभे राहणाऱ्या कामगारांना व्यायामाचे प्रवचन देऊ नये. त्यांना विश्रांती आणि पोटभर अन्न हवे. हा लेख त्यांच्यासाठी आहे, ज्यांना बसणे परवडते. मळ्यातही दुचाकीवरून जाणारे बागाईतदार, गल्ल्यावर बसणारे दुकानदार, दिवसभर टेबलाशी आणि रात्री दूरदर्शनसंचापुढे बसणारे नोकरदार. आणि हो, तासन्‌तास मांडी घालून ग्रंथ वाचणारे आमच्यासारखे पंडितही.

श्रीगणेश उद्या घरोघरी येतील. पाटावर बसलेल्या त्या मूर्तीकडे पाहताना एवढे आठवावे की, हा देव आपल्या विशाल देहासह उठला होता आणि मातापित्यांभोवती सात वेळा फिरला होता. त्याच्या चालण्याला कोणी हसले, असे पुराणात कोठेही लिहिलेले नाही.

आणि दौंड तालुक्यातील त्या ताईंच्या हाती हे पान पडले, तर त्यांना आमची हात जोडून विनंती आहे. ताई, तुमचे नाव आम्हांस ठाऊक नाही. आमचे तुम्हांस ठाऊक आहे. यंदा एकदा रांजणगावी यावे, आणि उजाडल्यावर यावे. प्रदक्षिणेत पुढे तुम्ही चालावे. मागे आम्ही काठी टेकीत येतो.